एका रात्रीचे छप्पर



वर्धा शहराला अगदी लागून पिपरी मेघे नावाचे गाव आहे. शेजारीच सिंदी मेघे, सावंगी मेघे आणि बोरगाव मेघे ही गावे आहेत. वस्ती आता दाट झाली आहे. पण जरा बाहेर पडले की काळ्या जमिनीतली कपाशी, तूर आणि सोयाबीन दिसू लागतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारले, की "संकटकाळी एक रात्र उघड्यावर काढावी लागली, तर अंगावर आणि अंगाखाली घ्यायला पिशवीत काय न्याल?" तर उत्तर येईल, "हा प्रश्न हिमालयात जाणाऱ्यांना विचारा. आमचा काय संबंध?"

संबंध आहे. ज्या नदीवरून जिल्ह्याला नाव मिळाले ती वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते आणि पावसाळ्यात तेथला पाऊस घेऊन खाली येते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड या गावात दोनशेहून अधिक माणसे दगावली. जी वाचली त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता, ओल्या अंगाने रात्र कोठे काढायची? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर ज्यांची घरे उभी होती त्यांनाही आत झोपण्याचा धीर होईना. पूर असो वा भूकंप, माणसाला पहिल्या रात्री लागते ते घर नव्हे; लागते एका रात्रीचे छप्पर. ते पाठीवर नेता आले पाहिजे, म्हणजे हलके हवे. या लेखात आपण असे छप्पर कसे निवडायचे ते पाहणार आहोत. त्यासाठी दुकानात जाण्याआधी थोडे भौतिकशास्त्र लागेल आणि ते तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

छप्पर ऊब देत नाही

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : चादर, घोंगडी, तंबू यांपैकी कोणतीही वस्तू ऊब निर्माण करीत नाही. शेगडी आहे ती एकच, तुमचे शरीर. प्रौढ माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे ८० ज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे तो ८० वॉटच्या दिव्यासारखा असतो. ही उष्णता शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. बाहेर जाणारी उष्णता यापेक्षा जास्त झाली, की शरीर आधी थरथरून जास्त उष्णता तयार करू पाहते. तेही अपुरे पडले, की शरीर थंड होऊ लागते. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर जिवाला धोका असतो.

म्हणून चांगले छप्पर म्हणजे 'गरम' छप्पर नव्हे. उष्णता ज्या वाटांनी पळते त्या वाटा जे बंद करते, ते चांगले छप्पर. अशा वाटा चार आहेत : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. कोणतीही वस्तू विकत घेताना किंवा घरातून उचलताना एकच प्रश्न विचारायचा : ही वस्तू यांपैकी कोणती वाट बंद करते आणि कोणती उघडीच ठेवते?

पहिली वाट : जमीन

बहुतेक जण अंगावर काय घ्यायचे याचा विचार करतात आणि अंगाखालचे विसरतात. खरी चोरवाट तेथेच असते. झोपलेल्या माणसाच्या शरीराचा सुमारे ०.४ चौरस मीटर भाग जमिनीला टेकतो. समजा, कपड्यांच्या आतील त्वचेचे तापमान ३२ अंश आणि ओल्या जमिनीचे २० अंश आहे. म्हणजे फरक १२ अंशांचा. मध्ये ३ मिलिमीटर जाडीची सतरंजी आहे. दबलेल्या सुती कापडाची उष्णतावाहकता सुमारे ०.०५ वॉट प्रति मीटर प्रति अंश धरा. मग,

०.०५ × ०.४ × १२ ÷ ०.००३ = ८० वॉट.

म्हणजे शरीर जितकी उष्णता तयार करते तितकी सगळी जमीनच घेऊन जाऊ शकेल! प्रत्यक्षात अंगाखालची माती थोडी थोडी गरम होत जाते, म्हणून हा आकडा हळूहळू कमी होतो. पण ओली काळी माती उष्णता खाली खेचत राहते.

आता सतरंजीऐवजी अंगाखाली ५ सेंटीमीटर जाडीचा कोरड्या कुटाराचा थर घ्या. सोयाबीन, तूर किंवा गहू यांची मळणी झाल्यावर जो भुसा उरतो त्याला विदर्भात कुटार म्हणतात. त्याची वाहकता सुमारे ०.०६ धरू.

०.०६ × ०.४ × १२ ÷ ०.०५ = सुमारे ६ वॉट.

८० वॉटवरून ६ वॉट! कुटारात जादू नाही. त्याच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा ही जादू आहे. हवेची वाहकता फक्त ०.०२५ असते आणि पाण्याची ०.६ म्हणजे चोवीसपट. म्हणून थर जाड हवा, तो दबता कामा नये आणि कोरडा असला पाहिजे.

पण कुटार पाठीवर कशाला न्यायचे? न्यायचे ते रिकामे पोते. विणलेल्या प्लॅस्टिकचे मोठे रिकामे पोते सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. अशी दोन पोती घडी करून पिशवीच्या तळाशी राहतात. जेथे थांबाल तेथे कुटार, वाळले गवत, कडबा, तणीस, पुठ्ठ्याचे तुकडे, चुरगळलेले वर्तमानपत्र, जे कोरडे मिळेल ते त्यांत भरा. काहीच मिळाले नाही, तर दप्तर, दोरीचे वेटोळे आणि जादा कपडे अंगाखाली घ्या. फवारणीच्या औषधांशी संबंध आलेले पोते मात्र कधीही वापरू नका.

दुसरी वाट : ओल

ही वाट सर्वांत धोक्याची आहे आणि आपल्याकडे पावसाळ्यात तीच आधी उघडते. वर्ध्याला बर्फ पडत नाही. पण थंडीने आजारी पडायला बर्फ लागतच नाही. ओले कपडे आणि वारा पुरेसे असतात.

गणित करून पाहू. भिजलेल्या सुती सदऱ्यात आणि विजारीत अर्धा लिटर पाणी सहज राहते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. म्हणजे अर्धा किलोग्रॅमला १२ लाख ज्यूल. तुमचे शरीर तासाभरात ८० × ३,६०० = २ लाख ८८ हजार ज्यूल तयार करते. भागाकार केला, तर उत्तर चारपेक्षा थोडे जास्त येते. अंगावरचे ओले कपडे केवळ शरीराच्या उष्णतेने वाळवायचे, तर शरीराची चार तासांहून अधिक काळची सगळी कमाई त्यात खर्च होईल. काही उष्णता हवेतून मिळते हे खरे. पण वारा असला, की बाष्पीभवनही झपाट्याने होते.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. घरोघरी सुती वाकळी, गोधड्या आणि गाद्या असतात. कोरड्या असताना त्या उत्तम. पण कापसाचा तंतू पाणी पितो, मऊ पडतो आणि चिकटून बसतो. त्यातली हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाणी येते. भिजलेली गोधडी उबेला निरुपयोगी आणि उचलायला जड. लोकर वेगळी वागते. तिचा तंतू कुरळा असतो. ओला झाला तरी त्याच्या वळणांत हवा टिकून राहते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा हाताला ओली न लागता सामावून घेऊ शकते. धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन पावसात मेंढरांमागे उभा राहतो, तो काही हौस म्हणून नव्हे. कोकणातल्या शेतकऱ्याचे इरलेही याच कुळातले : बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे पाठीवर पेलण्याचे छप्पर. त्याखाली हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते.

यावरून दोन नियम निघतात. पहिला : कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि झोपेच्या वेळीच काढा. दुसरा : कोरडे कपडे नसलेच, तर ओले कपडे पिळून पुन्हा घाला आणि वरून मेणकापड गुंडाळा. मेणकापडाखालची हवा लवकरच बाष्पाने भरते, बाष्पीभवन मंदावते आणि उष्णतेची नासाडी कमी होते. तोंड व नाक मात्र नेहमी मोकळे ठेवा.

सोबतचा कोणी सारखा थरथरत असेल, त्याचे बोलणे जड होत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा तो विसंगत बोलू लागला असेल, तर तो थंडीच्या धोक्यात आहे असे समजा. त्याला वाऱ्यातून आत घ्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, दोन माणसांच्या मध्ये बसवा. तो पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्या. हातपाय जोराने चोळू नका. दारू तर मुळीच देऊ नका, कारण तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी पळते. नंतर लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्या.

तिसरी वाट : उघडे आकाश

डिसेंबरमध्ये निरभ्र रात्री अंगणात उभी असलेली सायकल सकाळी दवाने भिजलेली असते. झाडाखालची मात्र बरीच कोरडी राहते. असे का? प्रत्येक वस्तू प्रारणाने उष्णता बाहेर टाकते आणि आजूबाजूच्या वस्तूंकडून घेते. झाडाची पाने हवेइतकी उबदार असतात; निरभ्र आकाश मात्र हवेपेक्षा पुष्कळ थंड वस्तूसारखे वागते. म्हणून उघड्यावरची सायकल देते जास्त आणि घेते कमी.

कपड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग २७ अंश आणि भोवतालच्या वस्तू १० अंश असतील, तर स्टेफान आणि बोल्ट्झमान यांच्या नियमानुसार दर चौरस मीटरमागे सुमारे ९५ वॉट उष्णता निघून जाते. वर्ध्याला जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हा आकडा काल्पनिक नाही. डोक्यावर नुसते पातळ छप्पर आले तरी आकाश झाकले जाते आणि प्रारणाची वाट अरुंद होते.

येथेच ती प्रसिद्ध चमकती चादर येते. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या अवकाश संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात ती पुढे आली. पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर निर्वात जागेत ॲल्युमिनियमच्या वाफेचा लेप देतात. असा पृष्ठभाग अवरक्त किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास किरण परत पाठवतो. तिचे वजन तुम्हीच काढा. लांबी २१० सेंटीमीटर, रुंदी १३० सेंटीमीटर, जाडी १२ मायक्रॉन म्हणजे ०.००१२ सेंटीमीटर. आकारमान सुमारे ३२.८ घन सेंटीमीटर, घनता १.३९ धरली, तर वस्तुमान सुमारे ४५ ग्रॅम. घडी करून ती खिशात मावते.

मग प्रश्न मिटला का? नाही. आपला प्रश्न पुन्हा विचारा : ही चादर कोणती वाट बंद करते? प्रारणाची. वारा आणि पाऊसही ती अडवते. पण जमिनीची वाट? १२ मायक्रॉन जाडीत हवा कोठून असणार? अंगाखाली ही चादर घालणे म्हणजे जवळजवळ काहीच न घालणे. अंगाला घट्ट चिकटवली, तर वहनाने उष्णता तिच्यातून सरळ बाहेर जाते. तिच्या आणि कपड्यांच्या मध्ये हवेची फट हवी. तिच्यातून बाष्प जात नाही, म्हणून रात्रभरात घामाने आतून थेंब जमतात. शिवाय एकदा काट्याला अडकली, की टरकन फाटते. म्हणजे ती उपयोगी आहे. पण पिशवीत ती शेवटी येते, पहिली नव्हे.

चौथी वाट : वारा

शरीराभोवती गरम झालेल्या हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो आणि जागी थंड हवा येते. ही अभिसरणाची वाट. ती बंद करायला जाड काही लागत नाही. वारा न जाऊ देणारा पातळ पडदा पुरतो. म्हणून पाऊस आणि वारा यांच्यासाठी एकच वस्तू निवडता येते, आणि तीच आपले मुख्य छप्पर.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, साधे मेणकापड; विदर्भात त्याला पन्नी म्हणतात. दुसरा, विणलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी लेप दिलेली ताडपत्री. दोघांचे माप ३ मीटर बाय २ मीटर घेऊ.

१०० मायक्रॉन जाडीच्या पन्नीचे आकारमान ३०० × २०० × ०.०१ = ६०० घन सेंटीमीटर. घनता ०.९२, म्हणून वस्तुमान सुमारे ५५० ग्रॅम. ताडपत्री दर चौरस मीटरच्या वजनावर विकतात. १२० ग्रॅमची घेतली, तर ६ चौरस मीटरचे ७२० ग्रॅम. २०० ग्रॅमची घेतली, तर १,२०० ग्रॅम. पन्नी हलकी खरी, पण एकदा चीर गेली की ती पुढे पुढे जाते. ताडपत्रीत उभ्या-आडव्या पट्ट्या असतात. चीर पुढच्या पट्टीवर अडते. तिच्या कडेला दोरी ओवायला धातूच्या रिंगा असतात. १७० ग्रॅम वजन जास्त देऊन ही खात्री घ्यावी, असे आमचे मत आहे.

रिंग तुटली किंवा पन्नीच वापरावी लागली, तर कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत खडा ठेवा, त्याभोवती कापड गोळा करून मुरड द्या आणि खड्याच्या मागे दोरी आवळा. भोक पाडायचे नाही. भोक म्हणजे चिरेचे निमंत्रण.

छप्पर उभारताना भूमिती

दोन आधारांच्या मध्ये दोरी ताणून तिच्यावर ताडपत्री मधोमध टाकली, तर दोन्ही बाजूंना १ मीटरची उतरती बाजू मिळते. खालची रुंदी १.२ मीटर ठेवली, तर पायथागोरसच्या प्रमेयाने उंची ०.८ मीटर येते. रुंदी १.६ मीटर केली, तर उंची ०.६ मीटर. मजा अशी, की दोन्ही त्रिकोणांचे क्षेत्रफळ सारखेच, ०.४८ चौरस मीटर. मग कोणता आकार घ्यावा? मुसळधार पावसात पहिला, कारण तीव्र उतारावर पाणी साचत नाही. जोराच्या वाऱ्यात दुसरा, कारण तो बुटका आहे.

पहिल्या आकारात खालची जागा १.२ × ३ = ३.६ चौरस मीटर. मदतकार्य करणाऱ्या संस्था जगभर जी 'स्फिअर' मानके पाळतात, त्यांनुसार निवाऱ्यात दर माणशी किमान ३.५ चौरस मीटर छप्पर असावे. म्हणजे आपली ताडपत्री हे एका माणसाचे पुरेसे छप्पर. एका रात्रीपुरते दोघे जण दाटीने मावतील, आणि थंडीत दाटी चांगलीच. कुटुंबांसाठी वाटल्या जाणाऱ्या ताडपत्र्या ४ मीटर बाय ६ मीटर असतात, त्याचे कारणही आता तुमच्या ध्यानात येईल.

वाऱ्याला कमी लेखू नका. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असला, तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन पडतो. आपल्या छपराची एक बाजू ३ चौरस मीटरची, म्हणून जोर १८० न्यूटन, म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅम वजनाइतका. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो. तेव्हा छपराचे अरुंद तोंड वाऱ्याकडे करा आणि ते खाली बांधून टाका. रुंद बाजू वाऱ्याला देऊ नका.

काळ्या जमिनीचा स्वभावही ओळखला पाहिजे. ती पाण्याने फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. आखूड खुंटी अलगद उपटून येते. खुंटी निदान हातभर लांब घ्या, ती छपरापासून उलट्या दिशेला कललेली ठोका आणि तिच्यावर दगड ठेवा. वरच्या अंगाला बोटभर खोल चर काढा, म्हणजे वाहते पाणी बाजूने जाईल.

जागा निवडताना चार ठिकाणे टाळा. नाल्याचे पात्र, कारण पाऊस वर कोठे तरी पडतो आणि लोंढा येथे येतो. एकटे उंच झाड, कारण तेथे वीज पडण्याचा धोका असतो. भिजलेली जुनी मातीची भिंत, कारण ती रात्रीतून बसते. आणि चौथे, कुटाराचा किंवा पऱ्हाटीचा ढीग. तो का, ते आता पाहू.

रात्रीचे शेजारी

हिमालयासाठी लिहिलेल्या यादीत मच्छरदाणी नसेल, पण वर्ध्याच्या यादीत ती असलीच पाहिजे. डास हे एक कारण आणि मण्यार हे दुसरे. मण्यार हा साप रात्री हिंडतो. उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागावर तो ढिगाऱ्यांजवळ व घरांतही येतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावला, तर पुष्कळदा वेदना होत नाहीत, सूज येत नाही आणि झोपमोडही होत नाही. नंतर पोट दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळणे आणि श्वास घेणे कठीण होते. अशी लक्षणे दिसली, तर खूण सापडो वा न सापडो, मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ रुग्णालयात जायचे. प्रतिविष तेथेच मिळते.

मच्छरदाणीच्या चारही कडा अंगाखालच्या पोत्याखाली नीट खोचल्या, तर साप, विंचू आणि डास या तिघांनाही अडथळा होतो. एकट्याची मच्छरदाणी सुमारे ४०० ग्रॅम भरते. एवढ्या वजनात एवढे संरक्षण दुसरी कोणतीही वस्तू देत नाही. पोत्यात कुटार भरण्यापूर्वी ते काठीने हलवून बघा, उजेडात भरा आणि सकाळी पायताण झटकून घाला.

मे महिन्यात तेच छप्पर

संकट नेहमी थंड आणि ओलेच असते असे नाही. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या वेळी आपल्याला उलटे काम करायचे असते : बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि शरीराची बाहेर जाऊ द्यायची.

याचे फार सुंदर उदाहरण अवकाशात घडले. १४ मे १९७३ रोजी अमेरिकेने 'स्कायलॅब' ही अवकाश प्रयोगशाळा सोडली. उड्डाणातच तिचे एक संरक्षक आवरण फाटून गेले आणि उन्हाने आतले तापमान ५० अंशांच्या वर चढले. काही दिवसांनी पहिले अंतराळवीर तेथे पोचले. त्यांनी आतून एका झरोक्यातून ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पातळ कापडाची छत्री बाहेर काढून उघडली. काही दिवसांत आतली हवा राहण्याजोगी झाली. हजारो किलोग्रॅमची प्रयोगशाळा एका हलक्या छत्रीने वाचली.

तुमची ताडपत्री हीच छत्री आहे. दुपारी सूर्यप्रकाशातून दर चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॉट उष्णता येते. छप्पर उंच बांधा, चारही बाजू मोकळ्या ठेवा आणि जमल्यास त्याच्या वर वीतभर अंतर सोडून चमकती चादर ताणा. मधल्या फटीतून हवा खेळते आणि वरचा ताप खाली पोचत नाही. बंद केलेला प्लॅस्टिकचा तंबू मात्र दुपारी भट्टी होतो. आणि पावसात जे सुती कापड शत्रू होते, तेच आता मित्र : ओला दुपट्टा डोक्याला व मानेला गुंडाळा. जो अप्रकट उष्मा पावसाळी रात्री जिवावर उठतो, तोच वैशाखात जीव वाचवतो. विदर्भातल्या घराघरांतला कूलर याच तत्त्वावर चालतो.

पिशवी भरू या

आता आपली यादी तयार आहे.

ताडपत्री, ३ × २ मीटर : ७२० ग्रॅम
नायलॉनची दोरी, १० मीटर : १५० ग्रॅम
रिकामी पोती, दोन : २५० ग्रॅम
मच्छरदाणी : ४०० ग्रॅम
चमकती चादर : ४५ ग्रॅम
सुती दुपट्टा : १५० ग्रॅम

एकूण १,७१५ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलोग्रॅमहूनही कमी. कोरडे कपडे यात धरलेले नाहीत. हिवाळ्यात दीड-दोन किलोग्रॅमची घोंगडी वरून घ्यावी. यांतील बहुतेक वस्तू विदर्भातल्या घरांत असतातच. फक्त त्या एका जागी बांधून ठेवलेल्या नसतात आणि पूर काही शोधाशोधीला वेळ देत नाही.

दोन धोके मात्र विसरू नका. बंद छपराखाली शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. आणि प्लॅस्टिकजवळ उघडी ज्योत नको, कारण ते वितळून अंगाला चिकटते.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत करावा. पाण्याचे एकसारखे चार स्टीलचे पेले घ्या. प्रत्येकात सुमारे ६० अंश तापमानाचे २०० मिलिलिटर पाणी ओता, तोंडावर पुठ्ठ्याचे झाकण ठेवा आणि त्यातून तापमापी आत सोडा. पहिला पेला उघडा ठेवा. दुसऱ्याला कोरडे सुती कापड गुंडाळा. तिसऱ्याला तेवढेच कापड भिजवून, पिळून गुंडाळा. चौथ्याला तसेच ओले कापड गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवा. चौघांवर पंख्याचा वारा सारखा येऊ द्या. दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्या आणि आलेख काढा.

मग पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. सर्वांत आधी कोणता पेला निवला? का?
२. तिसरा आणि चौथा पेला यांच्या आलेखांत फरक का पडला? पुरात भिजलेल्या माणसासाठी त्यातून काय शिकाल?
३. दोन पेले सारखेच गुंडाळून एक ओल्या फरशीवर आणि दुसरा कुटाराच्या थरावर ठेवला, तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.
४. तुमच्या गावाची यादी आमच्या यादीपेक्षा वेगळी असेल. तुम्ही कोकणात, सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा खानदेशात राहत असाल, तर कोणती वस्तू काढाल आणि कोणती घालाल? प्रत्येक वस्तूपुढे ती कोणती वाट बंद करते, ते लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत राहू देऊ नका. एका रविवारी घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन या वस्तू गोळा करा, तराजूवर ठेवून वजन करा, अंगणात किंवा गच्चीवर छप्पर एकदा बांधून पाहा आणि मग सगळे एका पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला अडकवा.